थंडीतला दुष्काळ : यीस्टच्या चिवटपणाचा मागोवा

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत उदगीर किंवा औराद शहाजानीकडे पारा एक आकडी झाला की वर्तमानपत्रात त्याची बातमी होते, पारांवर शेकोट्या पेटतात आणि संक्रांत उलटली की स्वेटर पुन्हा ट्रंकेत जातात. उन्हाळ्यात मात्र हाच पारा ४२-४३ अंशांवर मुक्काम ठोकतो. अशा मुलखात शून्याखाली ८० अंशांवर तग धरणाऱ्या जिवाची गोष्ट सांगायला घेणं जरा विचित्रच. पण हा जीव परका नाही. शिंदीच्या मडक्यात, पावाच्या भट्टीत आणि साखर कारखान्याच्या आसवनीत तो इथं पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. त्याचं नाव यीस्ट.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांत डीप फ्रीझर असतो. त्याच्या एखाद्या कप्प्यात बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या नळ्या, म्हणजे व्हायल, उभ्या लावलेल्या असतात. आत दगडासारखा गोठलेला मळकट पांढरा ऐवज. त्यातला सुईच्या टोकाएवढा कण खरवडून पोषक अगारवर रेघाटला, की दोन दिवसांत साईच्या रंगाचे ठिपके उगवतात. व्हायल कालची असो की दहा वर्षांपूर्वीची, ठिपके तेच. हे यीस्टला कसं जमतं, आणि ते जमतं हे माणसाला कधी कळलं, याचा माग काढत गेलं तर वाट बर्फापाशी थांबत नाही. ती कोरड्या मडक्यापर्यंत मागे जाते.

मडक्यापासूनच सुरुवात करू. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवसेला, लातूर-नांदेडकडची घरंच्या घरं शेतात जातात. कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी वाढली जाते आणि बिंदग्यातून आंबील येते. ज्वारीचं पीठ आणि ताक यांची ही आंबील आधीच करून ठेवलेली असते. तिला आंबवतात ते मुख्यतः लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू, पण त्यांच्या संगतीला यीस्ट असतंच. शिंदीचं मडकं हा मात्र यीस्टचा खास प्रांत. झाडाच्या शेंड्याला छेद देऊन खाली मडकं बांधायचं. पहाटे उतरवलेला रस गोड, उन्हं चढेस्तोवर त्याला फेस येतो आणि दुपारी तो चांगलाच चढतो. त्यात कुणी विरजण घालत नाही. मडकं कालचंच असतं, आणि त्याच्या सच्छिद्र मातीत कालचं यीस्ट वाळून बसलेलं असतं. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात मोहाची फुलं चैत्राच्या उन्हात वाळवून साठवतात आणि काही महिन्यांनी पाण्यात घालतात. फुलं खडखडीत वाळली तरी त्यांच्यावरचं रानटी यीस्ट सगळंच मरत नाही. पाणी लागलं की ते कामाला लागतं.

या मडक्यांना राजकीय इतिहासही आहे. निजामाच्या राजवटीत शिंदी-ताडीच्या आबकारीतून सरकारी तिजोरीत मोठी रक्कम पडत असे. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी करोडगिरी नाक्यांबरोबर शिंदीच्या झाडांवरही घाव घातले. गावोगाव शिंदीची बनं आडवी झाली. पुढे १९९४ साली नांदेडला विद्यापीठ निघालं ते स्वामीजींच्याच नावानं, आणि आज त्याच विद्यापीठाच्या महाविद्यालयांतली मुलं सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या पेशीला फुटणारी कळी पाहून वहीत आकृती काढतात.

मडक्यातला गाळ सजीव आहे, हे ठामपणे सांगितलं गेलं ते १८३० च्या दशकात. जर्मनीत थिओडोर श्वान आणि फ्रिडरिश क्युट्झिंग, फ्रान्समध्ये शार्ल कान्यार द ला तूर अशा तिघांनी, जवळजवळ एकाच वेळी आणि एकमेकांवर अवलंबून न राहता, हे दाखवलं. त्यातला कान्यार आपल्या कामाचा. हा मूळचा अभियंता. सायरन हे यंत्र त्याच्याच नावावर आहे. १८३८ साली छापलेल्या निबंधात त्याने बिअरच्या यीस्टमधले गोल कण वाढतात, म्हणजे ते सजीव आहेत, असं मांडलं. शरीरशास्त्रज्ञांनी लक्ष द्यावं अशा काही गोष्टीही त्याने शेवटी नोंदवल्या. त्यांतली एक अशी, की अतिशय कडक थंडी सोसूनही यीस्ट मरत नाही, आणि पाणी काढून घेतलं तरीही मरत नाही. थंडी आणि कोरड या दोन गोष्टी त्याने एकाच वाक्यात शेजारी ठेवल्या. त्या शेजारी का आहेत, हे उलगडायला सव्वाशे वर्षं लागली.

उलगडा झाला तो पेशी गोठताना नेमकं काय होतं ते पाहिल्यावर. यीस्टची पेशी ५ ते १० मायक्रोमीटरची, आणि तिच्या वजनात दोनतृतीयांश पाणी. अशा पेशी पाण्यात तरंगत असताना भांडं गार करत नेलं, तर बर्फ आधी धरतो तो पेशीच्या बाहेर. शून्याखाली काही अंश गेलं तरी आतलं पाणी पातळच राहतं. बर्फाच्या स्फटिकात फक्त पाण्याला जागा असते. क्षार आणि साखर बाहेर ढकलली जातात. जसजसा बर्फ वाढतो तसतसं पेशीभोवती उरलेलं थोडंसं पाणी अधिकाधिक खारट होत जातं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की जसं पाणी सुटतं, तसं पेशीतलं पाणी बाहेर निघतं आणि बर्फाला जाऊन मिळतं. पेशी आक्रसते, सुरकुतते, आतले क्षार आणि प्रथिनं एकमेकांवर दाटतात. म्हणजे बाहेर सगळीकडे पाणीच पाणी असताना पेशी तहानेनं सुकत असते. पेशीला भोगावा लागतो तो दुष्काळ, आणि थंडी हे त्याचं कारण.

गार करण्याची घाई केली तर संकट वेगळं येतं. पाण्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही, ते आतच गोठतं आणि बर्फाचे कण पेशीच्या नाजूक आवरणांची चाळण करतात. फार सावकाश गार केलं तर तहानेनं मरण, फार वेगानं केलं तर आतल्या बर्फानं. या दोन मरणांच्या मधली वाट अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत पीटर मेझर यांनी १९६० च्या दशकात गणितानं आणि प्रयोगांनी शोधली. त्यांच्या अभ्यासाचा एक मुख्य जीव यीस्टच होता. गार करण्याचा वेग, पेशीतून पाणी झिरपण्याचा वेग आणि आत बर्फ धरण्याची शक्यता यांचा मेळ त्यांनी घातला. यीस्टसाठी मिनिटाला काही अंश हा वेग मानवतो. माणसाच्या तांबड्या रक्तपेशीतून पाणी फार झपाट्यानं बाहेर पडतं, त्यामुळे तिला तो वेग कितीतरी पट जास्त लागतो. आज वीर्य, भ्रूण आणि रक्तातल्या पेशी गोठवणाऱ्या केंद्रांमागे हीच मांडणी आहे.

आता प्रश्न असा, की एवढी कोरड यीस्टची पेशी सोसते कशाच्या जोरावर? तिच्या शिदोरीत ट्रेहॅलोज नावाची एक साखर असते. ग्लुकोजचे दोन रेणू जोडून बनणारी ही साखर १८३२ साली विगर्स यांना राय धान्यावरच्या अरगट बुरशीत सापडली होती. बराच काळ तिच्याकडे अन्नाचा साठा म्हणूनच पाहिलं गेलं. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात जॉन आणि लॉइस क्रो या दांपत्यानं तिचं दुसरं काम दाखवलं. पेशीचं पटल मेदाच्या रेणूंच्या दोन थरांचं असतं आणि त्या रेणूंच्या डोक्यांमध्ये पाण्याचे रेणू बसलेले असतात. पाणी गेलं की डोकी एकमेकांना भिडतात, पटल आखडतं आणि पाणी परत आलं की जागोजाग गळू लागतं. ट्रेहॅलोज पाण्याच्या रिकाम्या जागी जाऊन बसते आणि डोक्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. शिवाय दाट झालेली ही साखर काचेसारखी घट्ट होते, त्यामुळे प्रथिनं जागची हलत नाहीत, गोळा होत नाहीत. बर्कलीत डग्लस कोशलँड यांच्या प्रयोगशाळेनं २०१४ साली दाखवलं, की वाळलेल्या यीस्टची प्रथिनं दीर्घकाळ शाबूत राहण्यात या साखरेचा मोठा वाटा आहे.

या शिदोरीचं वेळापत्रक मात्र कडक आहे. भोवती साखर मुबलक असते तेव्हा पेशी वाढत आणि विभागत सुटते, ट्रेहॅलोज जवळपास बाळगतच नाही. साखर संपत आली, वाढ थांबली, की ती ट्रेहॅलोज साठवू लागते. हा साठा पेशीच्या कोरड्या वजनाच्या १५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. अशा उपाशी पेशीला पुन्हा ग्लुकोज दाखवा, काही मिनिटांत एक विकर जागं होतं आणि साठवलेली साखर तोडून टाकतं. म्हणून भरपेट खाऊन फेसाळणारं यीस्ट गोठवलं तर मोठ्या संख्येनं मरतं आणि उपासानं निवांत झालेलं यीस्ट तगतं. उष्णता, कोरड, थंडी या सगळ्यांसाठी पेशीची बरीचशी तयारी सामाईक आहे, आणि ती संकटाच्या आधी करून ठेवावी लागते. ४२ अंशांच्या मुलखातलं यीस्ट उणे ८० ला का टिकू शकतं, याचं उत्तर बरंचसं इथं आहे.

दुसरी सोय आहे पाण्याच्या दारांची. पेशीच्या पटलात अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनं असतात. फक्त पाणी ये-जा करेल अशा या वाटा पीटर आग्रे यांनी १९९० च्या सुमारास रक्तपेशीत शोधल्या आणि २००३ साली त्यांना नोबेल मिळालं. दारं जास्त असली तर गोठताना पाणी चटकन बाहेर पडतं आणि आत बर्फ धरत नाही. बेल्जियममधल्या संशोधकांनी २००२ साली बेकरीच्या यीस्टमध्ये ही दारं वाढवली, तेव्हा वेगानं गोठवूनही जास्त पेशी जगल्या. २०१० साली अमेरिकेत निरनिराळ्या ठिकाणच्या यीस्टची तुलना झाली. ओकच्या सालीवर, खुल्या हिवाळ्यात राहणाऱ्या वाणांनी ही दारं जपून ठेवलेली दिसली. गोड रसात राहणाऱ्या अनेक वाणांमध्ये मात्र त्यांची जनुकं मोडलेली होती, कारण दाट साखरेत उघडं दार म्हणजे पाणी गमावण्याची हमी. ज्याला जे सोसायचं आहे त्याप्रमाणे त्याचं घर बदलत गेलं. रानातल्या यीस्टला हिवाळा नवा नाही.  इटलीतल्या एका अभ्यासात, २०१२ साली, गांधीलमाशीच्या राणीच्या आतड्यात यीस्ट हिवाळा काढतं, हे कळलं.

माणसाची मदत यात शिरली ती एका गोंधळातून. १९४९ साली लंडनच्या मिल हिल इथल्या वैद्यकीय संशोधन संस्थेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि अ‍ॅलन पार्क्स कोंबड्याचं वीर्य गोठवून पाहत होते. फळसाखरेचं द्रावण घालून काही जमत नव्हतं. काही महिन्यांनी शीतगृहातून तीच बाटली काढून पुन्हा प्रयोग केला, आणि शुक्राणू वितळल्यावर पोहू लागले. बाटलीत उरलेल्या द्रावणाची तपासणी केली तर साखरेचा पत्ता नव्हता; होतं ते ग्लिसरॉल आणि प्रथिन. लेबलं बदलली गेली होती. ग्लिसरॉल पेशीत शिरतं, पाण्यात मिसळून राहतं आणि बर्फाचं प्रमाण कमी ठेवतं, त्यामुळे क्षार एकदम दाटत नाहीत. गंमत अशी, की दाट साखरेत किंवा मिठात सापडलं की यीस्ट स्वतःच ग्लिसरॉल बनवून पेशीत साठवतं. लंडनला अपघातानं सापडलेली युक्ती यीस्टच्या घरात लाखो वर्षं वापरात होती.

गोठण्यातून निभावलेली पेशी वितळताना हमखास वाचते असं नाही. सावकाश वितळताना छोटे स्फटिक विरघळून मोठ्यांना जाऊन मिळतात आणि वाढलेले स्फटिक पटल फाडतात. त्यावर आणखी एक घाव असतो. पाणी आणि प्राणवायू एकदम परत आल्यानं पेशीत प्राणवायूची उपद्रवी रूपं तयार होतात. ती निकामी करणारं सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर नसलेलं यीस्ट गोठणं-वितळणं फारसं सोसत नाही, हे १९९८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. म्हणून नियम असा, की गोठवताना बेतानं, वितळवताना झटपट.

व्यापाऱ्यांनी मात्र या सगळ्या उलगड्याची वाट पाहिली नाही. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या कारखान्यांनी यीस्ट दाबून त्याच्या वड्या केल्या. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या रोटीसाठी अमेरिकेत सुकं दाणेदार यीस्ट आलं, १९७० च्या दशकात झटपट फुगणारं. त्याआधी हैदराबाद संस्थानाच्या भट्ट्यांत कालच्या कणकेचा गोळा खमीर म्हणून आजच्यात कालवायची रीत होती, तर गोव्याचे पोदेर माडाच्या सुरेवर पाव फुगवत. आज नांदेडच्या बेकरीत वडी फ्रिजमध्ये असते आणि सुक्या यीस्टचं पाकीट मांडणीवर. वडीत जवळजवळ ७० टक्के पाणी, म्हणून ती थंड ठेवायची. पाकिटात जेमतेम ५ टक्के, म्हणून ते उन्हाळ्यातही तगतं. जपानी बेकऱ्यांनी गोठवलेली कणीक आणली, तेव्हा त्यांना तीच अडचण आली. कणीक मळली की यीस्ट साखर खाऊ लागतं, ट्रेहॅलोज मोडतं आणि गोठवल्यावर मरतं. त्यावर त्यांनी दोन उपाय केले. कणीक फुगण्याआधीच गोठवायची, आणि मुळातच थंडी सोसणारी टोरुलास्पोरा डेलब्रुएकीसारखी यीस्ट हुडकायची.

आपल्याकडचा मोठा ग्राहक आहे साखर कारखान्याची आसवनी. मांजरा आणि गोदावरीच्या खोऱ्यांतल्या उसानं लातूर-नांदेडला मळी दिली, आणि २००३ पासून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या कार्यक्रमानं त्या मळीला किंमत दिली. आसवनीत यीस्ट पायरीपायरीनं वाढवतात. परीक्षानळीतल्या तिरक्या अगारवरून, म्हणजे स्लँटवरून, चंबूत. चंबूतून कल्चर व्हेसलमध्ये. तिथून प्रीफर्मेंटर आणि शेवटी लाखो लिटरच्या फर्मेंटरमध्ये. तिथं सगळी धडपड टाकी ३०-३३ अंशांवर ठेवण्याची असते, कारण उन्हाळ्यात थंडाव्याचं पाणीही कोमट येतं. पण या साखळीची पहिली कडी गारच असते. १९५१ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह सुरू झाला. तिथून यीस्टचे वाण सीलबंद काचेच्या अँप्यूलमध्ये मिळतात. गोठवून आणि मग निर्वातात बर्फाची थेट वाफ करून वाळवलेले. थंडी आणि कोरड, दोन्ही त्या एका कुपीत.

शेवटी आपल्या फ्रीझरकडे. मराठवाड्यात फ्रीझरचा खरा शत्रू आहे वीज जाणं. उणे ८० च्या खोक्यातलं तापमान तासातासानं चढतं, बर्फ अर्धवट पाघळतो, वीज आली की पुन्हा धरतो. सावकाश वितळणं आणि पुन्हा गोठणं यापेक्षा वाईट काही नाही. दरवेळी पेशींचा आणखी एक हिस्सा जातो. काही गोष्टी मात्र फुकटात साधतात. यीस्ट पूर्ण वाढून, अन्न संपून निवांत झालेलं असतानाच त्यात १५ ते ३० टक्के ग्लिसरॉल मिसळावं. एका मोठ्या नळीऐवजी अर्ध्या-एक मिलिलिटरच्या अनेक नळ्या भराव्यात. लागेल तेव्हा बर्फावरचा कण खरवडून घ्यावा आणि नळी लगेच आत ठेवावी. पूर्ण वितळवायचीच असेल तर कोमट पाण्यात झटपट वितळवावी आणि तीच नळी पुन्हा गोठवू नये. एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी.

आणि एक मागणी. लातूरचं कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय, नांदेडचं विद्यापीठ आणि दोन्ही जिल्ह्यांतले सूक्ष्मजीवशास्त्र विभाग यांच्याकडे हे काम करण्याइतकं शिक्षण आणि सामग्री आहे. किनवटच्या मोहफुलांवरचं, वाचलेल्या शिंदीच्या झाडांवरचं आणि येळवसेच्या बिंदग्यातलं यीस्ट वेगळं काढून, गाव, झाड आणि तारीख यांची स्वच्छ लेबलं लावून ते साठवावं, आणि एकेक प्रत पुण्याच्या राष्ट्रीय संग्रहात द्यावी. शिंदीची झाडं पुन्हा लावता येतील. त्यांच्या मडक्यांतले वाण एकदा गेले तर परत आणता येणार नाहीत.